ओसरलेल्या वाचकाची बाजू

गेल्या काही वर्षांत अमेरिकन महानायक-चित्रकथांविषयी जे लिहिले-बोलले जाते त्यात 'थकवा' हा शब्द फार सहजपणे वावरू लागला आहे. मार्वल या प्रकाशनसंस्थेच्या चित्रकथांचा वाचक थकला, तिच्या चित्रपटांचा प्रेक्षक थकला, असे सांगितले जाते. २०२३ मध्ये 'द मार्वल्स' हा चित्रपट त्या चित्रपटमालिकेत सर्वांत कमी उत्पन्न मिळवणारा ठरला तेव्हा तर हे निदान जवळजवळ सर्वमान्य झाले. त्याला निदान म्हणणेच योग्य, कारण थकवा ही वैद्याची भाषा आहे. ती दोष वाचकाच्या प्रकृतीत शोधते. थकलेल्याला थोडी विश्रांती द्यावी, काही काळ कमी वाढावे, म्हणजे तो आपोआप पुन्हा पानावर येऊन बसेल, असे तिच्यात गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या मते हे निदान चुकीचे तर आहेच, शिवाय समीक्षेच्या दृष्टीने सोयीस्करही आहे. एखाद्या प्रकाशनसंस्थेविषयी वाचकाचे स्वारस्य ओसरत जाणे हा पुष्कळदा एक वाङ्मयीन निवाडा असतो, आणि तो ऐकून घेण्याची व्यवस्था आपल्या वाचककेंद्री म्हणवणाऱ्या सिद्धान्तांत नाही.

आपल्याकडे या विषयावर बोलणाऱ्यांचे साधारणपणे दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष जुना आहे. चित्रकथा ही बालवाचकाची गोष्ट, तेव्हा मुलगा मोठा झाला की ती सुटणारच, यात विचार करण्यासारखे काय आहे, असे तो म्हणतो. बाबुराव अर्नाळकरांच्या शेकडो रहस्यकथांकडे ज्या समीक्षेने एका सुस्काऱ्यापलीकडे लक्ष दिले नाही, तिचाच हा वारसा आहे. दुसरा पक्ष नवा असून तो संस्कृती-अभ्यासाच्या परिभाषेत बोलतो. त्याच्या मते महानायकांची चित्रकथा ही अनंत, अनेककर्तृक, कधीही न मिटणारी संहिता आहे. तिला आरंभ-मध्य-अंताची ॲरिस्टॉटली सक्ती लावणे हाच मुळी अभिजनवाद आहे. आणि वाचकाने तक्रार न करता या खेळात 'सहभागी' व्हावे. पहिला पक्ष वाचकाला मूल समजतो आणि दुसरा त्याला उत्सवमूर्ती करतो. सोडून जाणाऱ्या वाचकाला काही म्हणायचे असू शकेल, ही शक्यता दोघांच्याही मनाला शिवत नाही.

वाचकप्रतिसादाच्या सिद्धान्ताकडे वळावे तर तिथेही फारसे वेगळे चित्र नाही. इझरचा वाचक संहितेतील रिक्त जागा भरत राहतो, याउसच्या वाचकाचे अपेक्षांचे क्षितिज सरकत राहते, फिशचा वाचक आपल्या अर्थनिर्णयक समुदायाच्या संकेतांनुसार वाचत राहतो. या तिन्ही वाक्यांतील 'राहतो' हे क्रियापद लक्षात घ्यावे. पुस्तक मिटून ठेवणारा आणि पुन्हा न उघडणारा वाचक या व्यूहात कुठे बसतो? इझरने खंडशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांचा विचार केला आहे, डिकन्सच्या वाचकाला खंडाखंडांतील विरामामुळे कल्पनेला वाव मिळत असे, हेही त्याने सांगितले आहे. परंतु विराम आणि विराग यांत अंतर आहे. त्या विरामात वाचक पुढचा खंड यायची वाट का पाहतो, आणि कोणत्या क्षणी वाट पाहणे सोडतो, हा प्रश्न मालिकारूप वाङ्मयाच्या बाबतीत मध्यवर्ती असायला हवा होता. तो परिघावरही नाही.

या प्रश्नासाठी मार्वलचे उदाहरण घेण्याचे कारण सांगितले पाहिजे. प्रस्तुत लेखकाने या चित्रकथा वाचायला सुरुवात केली ती मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर मांडलेल्या जुन्या पुस्तकांतून. अंक क्रमाने मिळत नसत. कधी मधलाच एखादा, कधी मुखपृष्ठ फाटलेला, कधी चार वर्षांच्या अंतराने दोन. तरीही या कथांना एक क्रम आहे आणि तो आपल्याला हुकला आहे, ही जाणीव पहिल्याच अंकात होत असे. पात्र काही बोलले की चौकटीच्या तळाशी तारांकित टीप यायची: हा प्रसंग अमुक अंकात घडला. विद्यापीठात तळटीप म्हणजे काय हे शिकण्याआधी अनेकांना ती या पानांवर भेटली असावी. संपादक वाचकाला बजावत होता की इथे जे घडते ते घडलेलेच राहते, तेव्हा लक्षात ठेव.

हे बजावणे किती नवे होते ते उंबेर्तो एकोच्या १९६२ मधील सुपरमॅनविषयक निबंधाशी ताडून पाहिल्यास कळते. एकोचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे. मिथक-नायक आधीच घडून गेलेल्या कथेत राहतो, कादंबरीचा नायक घडत असलेल्या कथेत राहतो. सुपरमॅनला दोन्ही हवे असते. त्याने काही कृती केली की तो काळ खर्च करतो, म्हणजे मृत्यूच्या दिशेने एक पाऊल टाकतो. पण विक्रीयोग्य मिथकाला मरून चालत नाही. म्हणून त्या कथांत काळच विस्कटून टाकलेला असतो. प्रत्येक कथा स्वप्नासारखी सुरू होते, तिच्याआधी काय झाले याचे तिला स्मरण नसते, आणि वाचकानेही ते ठेवू नये अशी अपेक्षा असते. एकोने हे विस्मरण त्या संहितेचा दोष म्हणून नोंदवले नाही, तिच्या अस्तित्वाची अट म्हणून नोंदवले.

नेमकी हीच अट त्याच सुमारास न्यूयॉर्कमधल्या एका लहानशा कचेरीत मोडली जात होती. १९६१ च्या नोव्हेंबरच्या अंकाने 'फँटास्टिक फोर' सुरू झाले, १९६२ मध्ये स्पायडरमॅन आला. स्टॅन ली, जॅक कर्बी आणि स्टीव्ह डिटको यांनी महानायकाला भाडे थकवायला लावले, सर्दी-पडसे दिले, हे आता सर्वांना ठाऊक आहे आणि त्याचे कौतुकही भरपूर झाले आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांनी त्याला काळ दिला. पीटर पार्कर १९६५ मध्ये शाळेतून उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात गेला. त्याच वर्षी रीड आणि स्यू यांचे लग्न झाले, १९६८ मध्ये त्यांना मुलगा झाला. वाचकांची पत्रे छापली जाऊ लागली. एखाद्याने दोन अंकांतील विसंगती दाखवली, आणि पुढेपुढे तर ती विसंगती नसल्याचे युक्तीने सिद्ध करून दिले, की त्याला 'नो-प्राइझ' नावाचे पारितोषिक मिळे. ते म्हणजे टपालाने येणारा रिकामा लिफाफा! विनोद बाजूला ठेवला तर यात एक करार होता. स्मरण ठेवणारा, पूर्वापर जुळवणारा, टीकाकाराच्या वृत्तीने वाचणारा वाचक या संस्थेने स्वतःच्या हाताने घडवला. तो काही तिला आयता मिळालेला नव्हता.

या कराराची सर्वांत जड सही १९७३ च्या जून महिन्याच्या अंकावर आहे. 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा १२१ वा अंक. लेखक जेरी कॉनवे, रेखाटने गिल केनची. ग्वेन स्टेसी पुलावरून खाली पडते, नायक जाळे फेकून तिला पकडतो, आणि तिच्या मानेशेजारी एक लहानसा ध्वनिवाचक शब्द उमटतो. पडण्याने ती मेली की वाचवण्याने, हा प्रश्न त्या एका शब्दात आहे. कथेचे शीर्षक पहिल्या पानावर दिलेले नाही. ते शेवटच्या पानावर येते, कारण शीर्षकातच मृत्यूची वार्ता आहे. महानायकाच्या सामर्थ्याचाच परिणाम त्याच्या प्रिय व्यक्तीचा घात करतो, आणि तो परत घेता येत नाही. शोकात्मिकेविषयी आपण वर्गात जे शिकवतो त्यातील पुष्कळसे या वीस-बावीस पानांत सापडते. मी हे उपरोधाने म्हणत नाही.

पुढचा इतिहास या सहीवर शाई ओतण्याचा आहे. तो सगळा सांगण्याचे कारण नाही. दोन जागी थांबणे पुरे.

पहिली जागा 'एक्स-मेन'च्या १३७ व्या अंकाची, सप्टेंबर १९८० ची. ख्रिस क्लेरमाँट आणि जॉन बर्न यांच्या या कथेत जीन ग्रे ही नायिका अमर्याद शक्तीच्या उन्मादात एक तारा गिळते आणि त्याच्याभोवतीच्या ग्रहावरील पाच अब्ज जीव मरतात. लेखकांचा बेत तिची शक्ती काढून घेऊन तिला जिवंत ठेवण्याचा होता. मुख्य संपादक जिम शूटर यांनी तो नाकारला. एवढ्या संहारानंतर तिने घरी परतून सुखाने राहावे हे नैतिकदृष्ट्या असह्य आहे, असा त्यांचा आक्षेप होता. मूळ शेवट १९८४ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्धही झाला आहे. कोणीही दोन्ही शेजारी ठेवून पाहावेत. छापला गेलेला शेवट निःसंशय श्रेष्ठ आहे. त्यात जीन आपल्यातली ती शक्ती पुन्हा जागी होत असल्याचे ओळखते, आणि भानावर असलेल्या क्षणी, प्रियकराच्या डोळ्यांदेखत, स्वतःचा अंत करते. संपादकीय हस्तक्षेप हा नेहमीच कलेचा शत्रू असतो असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. व्यापारी संस्थेतही कथेच्या आंतरिक न्यायाची चाड असू शकते. म्हणूनच पुढे जे झाले ते 'व्यापार म्हटला की असेच' या एका वाक्यात उडवून लावता येत नाही.

१९८६ च्या आरंभी, 'एक्स-फॅक्टर' या नव्या मासिकासाठी पहिला मूळ संघ हवा होता म्हणून, जीन परत आणली गेली. शूटर तेव्हाही मुख्य संपादकच होते. युक्ती अशी काढली गेली की तारा गिळणारी आणि चंद्रावर मरणारी स्त्री जीन नव्हतीच. तिचे रूप आणि तिच्या स्मृती घेतलेली ती एक वैश्विक शक्ती होती, आणि खरी जीन या सर्व काळात न्यूयॉर्कच्या जमैका उपसागराच्या तळाशी एका कोशात निद्रिस्त होती. अपराध तिचा नाही, म्हणून तिला जगण्याचा अधिकार आहे. तर्क बिनचूक आहे, आणि त्यातच सगळे अनर्थ आहेत. मरणातून परत येणे ही या घटनेतील लहान बाब. मोठी बाब अशी की १९८० मध्ये जिने निर्णय घेतला ती व्यक्तीच नाहीशी झाली. वाचकाने जो अपराध, जो पश्चात्ताप आणि जे आत्मदान अनुभवले होते ते कोणाचेच उरले नाही. भावी कथेत काय घडेल हे ठरवण्याचा अधिकार लेखकाला असतोच. इथे वाचकाच्या भूतकाळातील आस्वादाला हात घातला गेला. या क्रियेला मी 'पूर्वलक्षी दुरुस्ती' म्हणतो. करविषयक कायदे पूर्वलक्षी प्रभावाने लागू केले की नागरिक संतापतात. वाचकाने मात्र याला सर्जनशीलता म्हणावे अशी अपेक्षा असते.

दुसरी जागा २००७ ची. १९८७ मध्ये पीटर पार्करचे मेरी जेनशी लग्न झाले होते. लग्नामुळे नायक वयस्क वाटतो, घटस्फोट दाखवला तर आणखीच वाटेल, ही तत्कालीन मुख्य संपादक जो केसाडा यांची जाहीर भूमिका होती. मग 'वन मोअर डे' या कथेत मे काकूंना गोळी लागते, त्यांचे प्राण वाचवण्यासाठी मेफिस्टो नावाचा सैतान सौदा मांडतो, आणि पतिपत्नी आपले लग्न त्याला देऊन टाकतात. लग्न मोडत नाही; ते कधी झालेलेच नसते. कोणालाही, स्वतः पीटरलाही, ते आठवत नाही. कथेचे लेखक जे. मायकल स्ट्राझिन्स्की यांनी या शेवटाविषयीची आपली नाराजी उघडपणे मांडली होती.

इथे आपल्या परंपरेतील एका कथेची आठवण होणे अपरिहार्य आहे. सत्यवानही मरतो आणि परत येतो. 'मेलेला परत येतो' एवढ्यावरच वाचकाचा आक्षेप असता तर सावित्रीची कथा इतकी शतके टिकली नसती. पण सावित्री यमाच्या मागून चालते, बोलते, एकेक वर पदरात पाडून घेते. मृत्यू परतवण्याचा तो प्रवास हीच कथा आहे. आणि तो प्रवास विसरला जात नाही, वडाला सूत गुंडाळून वर्षातून एकदा आठवला जातो. मेफिस्टोच्या सौद्यात मृत्यू टाळण्यासाठी विवाहाचा बळी जातो आणि वर त्या बळीचे स्मरणही पुसले जाते. ज्या त्यागाची आठवण त्याग करणाऱ्यालाच राहत नाही त्याला नैतिक कृती म्हणता येईल काय? हे लग्न झाले होते हे या सर्व व्यवहारात एकाच व्यक्तीला ठाऊक असते, आणि ती व्यक्ती वाचक. पात्रे विसरली, संस्था विसरली. वीस वर्षे अंक विकत घेणारा तेवढा अडचणीचा साक्षीदार म्हणून उरला. त्याने तिथून उठून जाण्याला 'थकवा' म्हणायचे?

या टप्प्यावर दुसऱ्या पक्षाकडून एक ठरीव उत्तर येते. रामायणेही अनेक आहेत, असे ते सांगतात, ए. के. रामानुजन यांच्या निबंधाचा हवाला दिला जातो. महानायक ही आधुनिक पुराणे होत आणि पुराणांत पाठभेद असणारच, असा निष्कर्ष निघतो. हे साम्य वरवरचे आहे. एका रामायणात जे घडते ते दुसऱ्या रामायणाने रद्द होत नाही. जैन परंपरेतील राम वाल्मीकीच्या रामाला खोटा ठरवण्यासाठी राजपत्रात सूचना प्रसिद्ध करत नाही. दोन्ही कथने शेजारी नांदतात, आणि प्रत्येक कथनाच्या आत परिणाम हा परिणाम असतो. भारतकथा सांगणाऱ्या कोणत्याही कीर्तनकाराचा कर्ण रथाचे चाक रुतल्यावर मरतो. पुढच्या आठवड्याच्या कीर्तनाला गर्दी व्हावी म्हणून तो कोशातून बाहेर येत नाही. शिवाय पुराण कोणाच्या मालकीचे नसते. मार्वलची पात्रे ज्यांच्या हातून उतरली ते डिटको १९६६ मध्ये आणि कर्बी १९७० मध्ये संस्था सोडून गेले. आपली मूळ रेखाटने परत मिळावीत म्हणून कर्बींना १९८० च्या दशकात झगडावे लागले. हक्कांविषयीचा त्यांच्या वारसांचा वाद २०१४ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, तडजोडीने मिटला. ज्या पाठाचा अधिकृतपणा मालक ठरवतो आणि मालक बदलतो, त्याला पुराण म्हणणे हा पुराणांचा अपमान नसला तरी परिभाषेचा नक्कीच आहे.

संस्कृत काव्यशास्त्राकडेच जायचे तर अभिनवगुप्ताकडे जावे. रसविघ्नांची गणना करताना त्याने पहिले विघ्न सांगितले ते संभावनाविरहाचे: जे घडू शकेल असे प्रेक्षकाला वाटतच नाही तिथे त्याची प्रतीती रुजत नाही. मग समुद्रलंघनासारखी लोकोत्तर कृत्ये रंगभूमीवर कशी पचतात? त्यावर त्याचे उत्तर असे की तिथे रामासारखे प्रख्यात नाव घ्यावे, कारण त्या नावाभोवती अखंडित प्रसिद्धीतून दृढ झालेला विश्वास असतो. माणूस भिंतीवर चढतो यावर वाचक विश्वास ठेवतो तो याच भांडवलावर. या विधानातील 'अखंडित' हे विशेषण मला निर्णायक वाटते. प्रसिद्धी कितीही मोठी असो, ती खंडित झाली, काल सांगितलेले आज सांगणाऱ्यानेच नाकारले, की विश्वासाचा तो साठा आटतो आणि मग भिंतीवर चढणारा माणूस नुसता हास्यास्पद दिसू लागतो. २००४ मध्ये एका कथेने ग्वेन स्टेसीला मरणापूर्वी नॉर्मन ऑस्बॉर्नपासून जुळी मुले झाली होती असे सांगितले. २०२१ मध्ये दुसऱ्या कथेने ते खोटे ठरवले. ज्या वाचकाला पहिली गोष्ट किळसवाणी वाटली होती त्याला दुसरीने दिलासा मिळायला हवा होता. प्रत्यक्षात दुसरी वाचताना काहीच वाटत नाही. रसविघ्नाची याहून स्पष्ट खूण कोणती?

मालिकारूपाला यात दोष देऊ नये. 'पण लक्षात कोण घेतो!' ही कादंबरीही 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः वाचकांपुढे आली, पण पुढचा अंक खपावा म्हणून यमूचे वैधव्य आपट्यांनी मागे घेतले नाही. दोष अर्थव्यवहाराच्या एका विशिष्ट वळणात शोधला पाहिजे, आणि ते वळण बरेचसे निश्चितपणे दाखवता येते. १९८९ मध्ये रॉन पेरेलमन यांनी मार्वल ८ कोटी २५ लाख डॉलरला विकत घेतली, १९९१ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. त्याच वर्षी 'एक्स-मेन' या नव्या मासिकाचा पहिला अंक वेगवेगळ्या मुखपृष्ठांनी निघाला आणि दुकानदारांनी त्याच्या ८० लाखांहून अधिक प्रती उचलल्या. १९७५ पासून या पात्रांना वाढवणारे क्लेरमाँट त्याच मासिकाचे तीन अंक लिहून बाहेर पडले. विक्रीचा उच्चांक आणि लेखकाचे जाणे एकाच वर्षात यावे यात काव्यात्म न्याय आहे असे मी म्हणत नाही, पण हा नुसता योगायोगही नव्हे. प्रती उचलणाऱ्यांत वाचकांपेक्षा पुढे भाव वाढेल म्हणून साठवणारे किती होते, ते फुगा फुटल्यावर दिसले. १९९६ च्या डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच महिन्याच्या एका अंकात १९७३ मध्ये मेलेला ग्रीन गॉब्लिनही जिवंत होता असे कळले!

साठवणाऱ्याला पहिला अंक हवा असतो. वाचकाला पुढचा. 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा क्रमांक १९९९, २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ असा सहा वेळा एकपासून सुरू झाला, यावरून संस्था कोणाचे ऐकत आली ते दिसते. २००९ मध्ये डिस्नेने सुमारे ४ अब्ज डॉलरला तिची खरेदी जाहीर केल्यावर तर चित्रकथा हे मुख्यतः कल्पनांचे कोठार झाले. मृत्यू वेळापत्रकाने येऊ लागले: कॅप्टन अमेरिका २००७ मध्ये मेला आणि तीन वर्षांच्या आत परतला, ह्यूमन टॉर्च २०११ मध्ये त्याच वर्षात, मिस मार्वल, म्हणजे कमला खान, २०२३ मध्ये दुसऱ्याच नायकाच्या मासिकात मारली गेली आणि दोन-तीन महिन्यांत उठून बसली. आता मृत्यूच्या प्रसंगी वाचक शोक करत नाही, तो कॅलेंडर पाहतो.

न्याय्यपणे एक अपवाद नोंदवला पाहिजे, कारण तो माझ्या विधानाच्या विरोधात जाईल असे प्रथमदर्शनी वाटते. २०१९ मध्ये जोनाथन हिकमन यांनी 'हाऊस ऑफ एक्स'मध्ये हे मृत्यूचे पोरकेपण सरळ कथेच्या मध्यभागी आणून ठेवले. क्राकोआ बेटावरील उत्परिवर्तितांनी पुनरुज्जीवनाची एक व्यवस्थाच उभारली. कोणी मेला की त्याला पुन्हा घडवायचे, त्याची स्मृती त्यात परत ओतायची, त्यासाठी रांगा, नियम, अग्रक्रम. चाळीस वर्षे संस्था जे चोरून करत आली ते त्यांनी राज्यघटनेत लिहिले. ज्या समाजातून मृत्यूच गेला त्याचे नीतिशास्त्र काय राहील, हा प्रश्न त्यामुळे विचारता आला. दीर्घ काळानंतर मी पुढच्या अंकाची वाट पाहिली. परंतु अशा कल्पनेला शेवट लागतो, आणि हिकमन यांची योजना शेवटाकडे जाणारी होती. सहलेखकांना त्या बेटावर आणखी रमायचे होते, तेव्हा २०२१ अखेर हिकमन बाजूला झाले; बेट २०२४ पर्यंत रेंगाळले आणि मग सगळे पुन्हा पूर्वीच्या ठिकाणी आणून ठेवण्यात आले. जिथे परिणामाची आशा दिसली तिथे वाचक परत आला होता, ही गोष्ट 'थकवा'वाद्यांनी कशी समजावून सांगायची ते त्यांनी ठरवावे.

आपल्या बाजूचा एक तपशील सांगितला पाहिजे, कारण त्याचे कौतुक आपल्याकडे जरा अस्थानी झाले. २००४ मध्ये गॉथम कॉमिक्सने 'स्पायडरमॅन: इंडिया' काढले. पवित्र प्रभाकर हा खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला मुलगा, धोतरासारखे वस्त्र नेसलेला, कोळ्याच्या दंशाऐवजी एका योग्याकडून शक्ती मिळालेला. भीमकाका मरतात, मायाकाकू उरतात, मीरा जैन आहे, खलनायक नलिन ओबेरॉय राक्षसरूप घेतो. चार अंकांत सारे आटोपले. त्याला 'स्थानिकीकरण' म्हणून दाद देणाऱ्यांनी हे पाहिले नाही की न्यूयॉर्कच्या कथेतून मुंबईत फक्त सांगाडा आणला गेला होता. काकाचा मृत्यू १९६२ मध्ये घडला तेव्हा तो घटना होता, २००४ मध्ये तो अर्जातला रकाना होता. मुंबईच्या वाटेला मार्वलचा काळ आलाच नाही. आला तो एकोने वर्णन केलेला जुना, स्मृतिहीन साचा, नावे बदलून. २०२३ च्या चित्रपटात पवित्र 'मुंबॅटन' नावाच्या शहरात पुन्हा दिसला तेव्हा चित्रगृहात टाळ्या पडल्या. टाळी ओळखीची होती. वाचन ही वेगळी गोष्ट आहे.

माझ्या म्हणण्यावर, हा एका पिढीचा गतकातर सूर आहे, असा आक्षेप येईल याची मला कल्पना आहे. गतकातरतेला जुने तसेच हवे असते. इथे तक्रार उलट आहे: पीटर पार्करला म्हातारे होऊ दिले नाही, १९६८ मध्ये जन्मलेला फ्रँकलिन पन्नास वर्षांनी जेमतेम पौगंडावस्थेत पोचला, ही आहे. नव्याने वाचायला लागलेल्या मुलांना आपला स्वतःचा स्पायडरमॅन मिळालाच पाहिजे. त्यासाठी आधीच्या वाचकाचा पुसावा लागतो हे मात्र कोणी सिद्ध केलेले नाही.

विद्यापीठीय अभ्यासापुरते बोलायचे तर लोकप्रिय वाङ्मयावरील प्रबंधांत वाचकांच्या मुलाखती घेण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. प्रश्नावली वाटल्या जातात त्या मेळाव्यांत, दुकानांत, चाहत्यांच्या मंडळांत, म्हणजे जे अजून वाचत आहेत त्यांनाच. ज्याने घरातला गठ्ठा बांधून माळ्यावर टाकला त्याच्याकडे प्रश्नावली जात नाही. माझ्या गठ्ठ्यात १२१ वा अंक आहे, १३७ वा आहे, मधले पुष्कळ नाहीत. १९८६ नंतरचे काही मी रद्दीत दिले, आणि रद्दीवाल्याने ते वजनावर घेतले.